यंदा नवा जॉब कोणता?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात खंडेनवमीच्या सकाळी एकदा फिरून पाहा. एरवी ज्या गल्ल्यांत लेथ आणि ग्राइंडरचा आवाज थांबत नाही, तिथे त्या दिवशी उदबत्तीचा वास असतो. यंत्रे पुसून लख्ख केलेली, त्यांच्यावर झेंडूच्या माळा, चौरंगावर हातोडी, पाने, व्हर्नियर, मायक्रोमीटर. कामगारांची मुले नवे कपडे घालून पेढ्याची वाट पाहत उभी असतात.

आमच्या वर्कशॉपमध्ये या पूजेला आणखी एक वस्तू लागायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, त्या वर्षी पहिल्यांदा जमलेला नवा जॉब चौरंगावर मधोमध ठेवायचे. कधी ऑईल इंजिनचा बुश, कधी पंपाचा इम्पेलर. पूजा झाली की नारळ फोडायच्या आधी ते सगळ्यांना विचारायचे, ‘यंदा नवं काय शिकलो?’ उलाढाल किती झाली, हा प्रश्न दिवाळीच्या वहीपूजनाचा. खंडेनवमीचा प्रश्न हा.

आबांच्या मागे वर्कशॉप माझ्याकडे आले. काम भरपूर होते, पैसाही बरा मिळत होता. मात्र २०११ पासून पुढची नऊ वर्षे चौरंगावर मी काहीही नवे ठेवू शकलो नाही. त्याची किंमत मला नंतर मोजावी लागली, ती कशी ते पुढे सांगतो. पण आजचा विषय माझ्यापुरता नाही. एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीची वर्षभरात प्रगती झाली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय पाहायचे असते, हा तो विषय आहे. वर्तमानपत्रात विक्री आणि नफा यांचे आकडे येतात. आपण ते वाचतो, शेअर घेतलेला असेल तर आनंद मानतो किंवा हळहळतो. त्या आकड्यांच्या मागे काय असते, ते आपल्याच गावाकडे पाहून समजून घेता येते.

कोल्हापूरला यंत्रविद्या दुरुस्तीच्या वाटेने आली. बाहेरून आलेले यंत्र बिघडायचे, सुटा भाग मिळायचा नाही, मग इथला मिस्त्री तो भाग घडवायचा. भाग घडवता घडवता अख्खे यंत्र घडवायची हिंमत यायची. बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दादा मिस्त्री यांनी याच गावात चित्रपटाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागीर उद्योजकांनी फौंड्री आणि मशीनशॉपचा पाया घातला. पंचगंगेच्या काठावर ऊस वाढत होता, नदीचे पाणी उपसायला ऑईल इंजिन हवे होते. उद्यमनगर ते इंजिन बनवू लागले. एकाने बीड ओतायचे, दुसऱ्याने क्रँकशाफ्ट घासायचा, तिसऱ्याने जुळणी करायची, अशी सगळी गल्लीच एक कारखाना होती.

मग शेतात वीज आली. विहिरीवर आणि नदीवर विजेची मोटर बसली आणि इंजिनची मागणी ओसरत गेली. इंजिन वाईट होते म्हणून नव्हे, गरजच बदलली म्हणून. ज्यांना फक्त इंजिन करता येत होते ते अडचणीत आले. ज्यांनी आपली विद्या वेगळी काढून ओळखली, म्हणजे ‘आपण इंजिन बनवतो’ असे न म्हणता ‘आपल्याला बीड चांगले ओतता येते, भोक अचूक पाडता येते’ असे म्हटले, ते ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांकडे वळले. शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे औद्योगिक वसाहती झाल्या, पुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत झाली. आज कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत असे सांगितले जाते. देशातल्या अनेक वाहनांच्या पोटात कोल्हापूरचे बीड आहे.

विद्या वेगळी काढून ओळखणे म्हणजे काय, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण उसाचे. साखर कारखान्यात ऊस पिळणारे जे मोठे रोलर असतात, त्यांच्या आत पोलादी शाफ्ट असतो आणि त्यावर बिडाचे जाड कवच. हंगामभर ऊस पिळून कवच झिजते. गाळप संपले की झिजलेले कवच काढायचे, नवे कवच तापवून फुगवायचे, शाफ्टवर चढवायचे आणि थंड होताना ते आवळून घट्ट बसते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तीच रीत. याला रिशेलिंग म्हणतात. कोल्हापूरची एस. बी. रिशेलर्स ही कंपनी या कामातली. वर्षानुवर्षे टनावारी वजनाचे बीड ओतायचे, त्यात पोकळी राहू द्यायची नाही, ही त्यांची विद्या. याच समूहातून २०१० साली सिनर्जी ग्रीन इंडस्ट्रीज ही कंपनी उभी राहिली आणि ती पवनचक्क्यांसाठी मोठी कास्टिंग करू लागली. पवनचक्कीची पाती ज्या गड्ड्याला जोडलेली असतात तो हब, असे काही टनांचे भाग. एवढे कास्टिंग साच्यातून लगेच काढता येत नाही, ते साच्यातच कित्येक दिवस निवू द्यावे लागते. वर त्याचे बीड साधे चालत नाही. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालून आतल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचे गोल कण करावे लागतात, तेव्हा ते बीड धक्का सोसते. २०१८ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. उसाच्या चरकापासून वाऱ्याच्या चक्कीपर्यंतचा हा रस्ता एका उडीत झालेला नाही. जड बीड ओतण्याची विद्या आधी होती, तिच्यात दरवर्षी भर पडली.

दुसरे उदाहरण मेनन बेअरिंग्जचे. गोकुळ शिरगावची ही कंपनी इंजिनात लागणारे बायमेटल बेअरिंग, बुश आणि थ्रस्ट वॉशर करते. बायमेटल म्हणजे पाठीला पोलाद आणि पोटाला तांब्याच्या मिश्रधातूचा थर. या कंपनीने पुढे ॲल्युमिनियमच्या डायकास्टिंगचा विभाग चालवला आणि अलीकडच्या वर्षांत ब्रेक लायनिंगचे काम हाती घेतले. हे मला फार बोलके वाटते. इंजिनातले बेअरिंग इंजिन असेपर्यंतच. विजेच्या गाडीत क्रँकशाफ्टच नाही, मग त्याचे बेअरिंग कुठून असणार? ट्रक मात्र डिझेलवर चालो की बॅटरीवर, त्याला थांबावे लागणारच. म्हणजे ब्रेक लागणारच.

तिसरे उदाहरण किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे. ही कंपनी १९४६ ची, मूळ पुण्याची, आणि तिचा मोठा कारखाना आपल्या कागलजवळ आहे. इंजिने, जनरेटर, शेतीची यंत्रे असा तिचा पसारा. २०१७ मध्ये तिने अहमदाबादची ला-गज्जर मशिनरीज ही पंप बनवणारी कंपनी घेतली. विजेच्या पंपाने ऑईल इंजिनला शेतातून हटवले हे आताच सांगितले. त्याच विजेच्या पंपांचा धंदा इंजिनवाल्या कंपनीने आपल्या घरात आणला. दुसरीकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनरेटरच्या धुराचे कडक निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले, आणि जुन्या पद्धतीच्या मालाला ३० जून २०२४ पर्यंत मुदत मिळाली. नव्या निकषांत बसण्यासाठी इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेले, धूर शुद्ध करण्याची व्यवस्था जोडावी लागली. अशा वर्षी कंपनीत नावीन्य हा भाषणाचा विषय राहत नाही. ठरलेल्या तारखेला नवे इंजिन तयार नसेल तर विकायला काहीच नसते.

श्रोतेहो, नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतो. त्यात रंगीत फोटो असतात, अध्यक्षांचे पत्र असते. ते वाचावे. पण माझ्यासारख्या कारखानदाराला विचाराल तर तीन गोष्टी मी आधी शोधतो.

पहिली, माल किती गेला. फौंड्रीच्या धंद्यात कच्च्या मालाचा दर वाढला की कास्टिंगचा दरही वाढवून मिळतो. समजा गेल्या वर्षी एका फौंड्रीने १०० टन माल ८० रुपये किलोने दिला. उलाढाल झाली ८० लाख. यंदा भंगार आणि पिग आयर्न महागले, दर १०० रुपये झाला आणि माल गेला ९० टन. उलाढाल ९० लाख. कागदावर साडेबारा टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात भट्टी दहा टक्के कमी चालली.

दुसरी, कंपनी किती पायांवर उभी आहे. हिशेबाच्या टिपांमध्ये एक बारीक नोंद असते. ज्या एकाच ग्राहकाकडून १० टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न येते, त्याच्याकडून आलेली रक्कम कंपनीला सांगावी लागते. ग्राहकाचे नाव सांगणे बंधनकारक नाही, पण आकडा कळतो. एका ग्राहकावर निम्मा धंदा असेल, तर त्या कंपनीचे भविष्य दुसऱ्याच्या टेबलावर ठरते.

तिसरी, शिकण्याची नोंद. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे संचालकांच्या अहवालात ऊर्जेची बचत आणि तंत्रज्ञानाचा अवलंब यांची माहिती द्यावी लागते. संशोधन आणि विकासावर किती खर्च केला तेही त्यात येते. बहुतेक वाचक हे परिशिष्ट उलटून पुढे जातात. मी ते आधी वाचतो. तिथे दरवर्षी शब्दही न बदलता तीच वाक्ये छापलेली दिसली, तर मला आमच्या रिकाम्या चौरंगाची आठवण होते.

आता त्या चौरंगाबद्दल.

आमच्या वर्कशॉपला ट्रकच्या इंजिनातला एक ब्रॅकेट मशीनिंगसाठी मिळत होता. जॉब सोपा, मागणी पक्की, पैसे वेळेवर. हळूहळू आम्ही बाकीची कामे सोडली. माझ्या शंभर रुपयांतले ब्याऐंशी रुपये त्या एका ग्राहकाकडून येऊ लागले. मी दोन सीएनसी मशीन कर्जाने घेतली, चौदा माणसे कामाला होती. दरवर्षी उलाढाल वाढायची आणि मी तिलाच प्रगती समजत होतो. आबांचा एक जुना मिस्त्री खंडेनवमीला हळूच म्हणायचा, ‘मालक, यंदाबी मोकळाच हाय की चौरंग.’ मी हसून पेढा पुढे करायचो.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तयार माल कित्येक दिवस इथेच अडकला. ते संकट दिसत होते, त्यामुळे लोक मदतीला आले, ग्राहकानेही समजून घेतले. दुसरे संकट दिसत नव्हते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा निकष लागू व्हायचे होते. त्यासाठी नव्या इंजिनाचा आराखडा झाला आणि त्यात आमचा ब्रॅकेट नव्हताच. कुणी फसवले नाही, कुणी भांडले नाही. भागाची गरज संपली, एवढेच. त्याच सुमारास, मार्चच्या अखेरीस, टाळेबंदी आली. ती उठल्यावर आमचे शटर उघडले तेव्हा करायला काम नव्हते. चौदांपैकी आठ माणसांना मला ‘दुसरीकडे बघा’ असे सांगावे लागले. त्यांतल्या दोघांना आबांनी शिकवले होते. एक सीएनसी विकली. नऊ वर्षे वाढती उलाढाल दाखवणारा माझा हिशेब खोटा नव्हता, तो अपुरा होता.

पुढे २०२१ मध्ये पाण्याच्या पंपाची बॉडी करण्याचे काम मिळाले. कास्टिंग एका ओळखीच्या फौंड्रीकडून यायचे, मशीनिंग आमच्याकडे. पहिल्याच दोनशे नगांत सत्तेचाळीस बाद झाले. बाहेरून नग गुळगुळीत दिसायचा, ड्रिल आत गेला की पोकळी निघायची. याला आम्ही ब्लो होल म्हणतो. फौंड्रीवाले म्हणत, तुमच्या ड्रिलिंगचा दोष. आम्ही म्हणत होतो, तुमच्या ओतकामाचा. आठवडाभर फोनवर वाद चालला.

शेवटी मी बाद नग टेम्पोत घालून त्यांच्या दारात नेले. प्रत्येक कास्टिंगवर कोणत्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या कितव्या रसाचा माल आहे, त्याचा क्रमांक असतो. आम्ही दोघांनी नग त्या क्रमांकाने जमिनीवर ओळीत मांडले. बहुतेक बाद नग सकाळच्या पहिल्या दोन हीटचे निघाले. तिथला एक म्हातारा मोल्डर उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, ‘सकाळची वाळू आन् दुपारची वाळू एक न्हाई, मालक. पावसाळ्यात सकाळची मुठीत जड लागती.’ वाळूचा ढीग रात्री शेडच्या कडेला पडायचा, पावसाची झड त्यावर यायची. साच्याच्या वाळूत साधारण साडेतीन टक्के ओल हवी होती, सकाळी ती पाचच्या घरात होती. तापलेला रस आत गेला की त्या जादा पाण्याची वाफ होऊन धातूत अडकायची.

उपाय साधा होता. ढीग आत घेतला, दर तासाला ओल मोजून वहीत लिहायला सुरुवात केली आणि ओल ठीक असल्याशिवाय साचा भरायचा नाही असे ठरवले. पुढच्या दोनशे नगांत बाद नगांची संख्या नऊवर आली. म्हाताऱ्याच्या मुठीला जे कळत होते ते वहीत आले, आणि तो रजेवर असला तरी काम अडेनासे झाले. माझ्या मते लहान कारखान्यातले नावीन्य हे असेच असते. त्याला पेटंट मिळत नाही, पण ते एकदा वहीत आले की वर्कशॉपच्या मालकीचे होते.

हे सगळे आज सांगण्याचे कारण म्हणजे कोल्हापूर पुन्हा एका वळणावर आहे. विजेच्या गाड्या वाढत आहेत. पिस्टन, सिलिंडर हेड, लायनर यांवर जगणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांच्या पुढे तोच प्रश्न उभा आहे, जो ऑईल इंजिनवाल्यांपुढे उभा होता. डिझेलचे इंजिन उद्या सकाळी बंद पडणार नाही. ट्रॅक्टर, जनरेटर, जड वाहने यांना ते अजून बराच काळ लागेल. पण शिकायला जो वेळ हवा असतो तो काम चालू असतानाच मिळतो. काम थांबल्यावर वेळ भरपूर असतो, पण हातात पैसा नसतो आणि शिकलेली माणसे निघून गेलेली असतात. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

मुलाला आयटीआयला घालणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगेन. कारखाना निवडताना पहिला पगार विचाराच, पण इथे गेल्या दोन वर्षांत नवे काम कोणते सुरू झाले, हेही विचारा. जिथे नवे काम येते तिथे मुलगा शिकतो. जिथे दहा वर्षे तोच जॉब चालतो, तिथे त्याचे हात तेवढे चालतील. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभांना जाणाऱ्या भागधारकांनी लाभांशाबरोबर हा प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रश्न विचारला जातो हे कळले की उत्तराची तयारी होते.

आमच्याकडे आज अकरा माणसे आहेत. गेलेल्या आठांपैकी तिघे परत आले. उलाढाल २०१८ च्या पातळीला अजून पोचलेली नाही. पण सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा शंभरात तीस आहे आणि मी रात्री झोपू शकतो.

सध्या विजेच्या तीनचाकीच्या मोटरचे ॲल्युमिनियमचे कव्हर करून पाहतो आहोत. बीड कापणाऱ्या हातांना ॲल्युमिनियम सोपे वाटते, पण ते हत्याराला चिकटते, पकड जरा घट्ट झाली तरी वाकते. पाच नमुने केले, त्यांतले दोन आम्हीच बाद केले. उरलेले तीन तपासणीला गेले आहेत. आबांचा नियम कडक होता. ग्राहकाने पास केलेलाच जॉब चौरंगावर, नुसता करून पाहिलेला नाही. खंडेनवमीला अजून तीन आठवडे आहेत. तोपर्यंत उत्तर आले तर ते कव्हर मधोमध ठेवू. नाही आले, तर ती जागा यंदा मोकळी राहील, आणि ती का मोकळी आहे हे मी पूजेच्या वेळी सगळ्यांना सांगेन.